कपाटातले ९६ कागद : बॅगपाइपच्या धुनांचे प्रकार लावतानाच्या नोंदी

६ जानेवारी २०२४, ग्लासगो

आमच्या भागातल्या पाइप बँडच्या नवशिक्यांच्या वर्गात मी गेल्या सप्टेंबरपासून जाते. हॉलमधल्या कपाटात धुनांचे सुटे कागद पडलेले आहेत. झेरॉक्स, हातानं लिहिलेले, काहींची नावं फाटलेली, काहींवर चहाचे डाग. नवीन मुलं येतात, हाताला येईल तो कागद उचलतात आणि नाचायच्या जिगची धून चालायच्या मार्चसारखी घोटत बसतात. मीही हेच केलं होतं. म्हणून सरांना म्हटलं, हे सगळे कागद प्रकारांनुसार मी लावून देते. आणि प्रत्येक प्रकारातली एक तरी धून स्वतः प्रॅक्टिस चँटरवर (पिशवी नसलेल्या, सरावाच्या नळीवर) बसवते, म्हणजे प्रकार कानाला नीट कळेल.

आज मोजले. ९६ कागद.

माझी तयारी अशी: बेळगावात असताना दहा वर्षं तबला, थोडी पेटी. बॅगपाइप शून्य. प्लॅस्टिकचा लांब प्रॅक्टिस चँटर ६८ पौंडांना घेतलाय, एक जादा रीड (आतली वाजणारी पाती) ७ पौंडांची. शिकवणी फुकट आहे, चहाचे आठवड्याला २ पौंड डब्यात टाकायचे. ज्याला हे काम करायचंय त्यानं पिशवीवाला पूर्ण बॅगपाइप घ्यायची घाई करू नये. बोटं सगळी या छोट्या चँटरवरच तयार होतात.

१४ जानेवारी

रविवार सगळा गेला, पण पहिली विभागणी झाली. स्वरलिपीच्या सुरुवातीला तालाचा आकडा असतो, त्यावरून गठ्ठे केले.

२/४चे २२. ४/४चे २७. कापलेल्या सी चिन्हाचे, म्हणजे २/२चे, ११. ६/८चे २१. ३/४चे ९. ९/८चे ४. आणि दोन कागदांवर तालाचा आकडाच नाही. एकूण ९६.

मग गठ्ठ्यांना नावं दिली. २/४ आणि ४/४ म्हणजे मार्च, २/२ म्हणजे रील (जलद नाचाची धून), ६/८ आणि ९/८ म्हणजे जिग, ३/४ म्हणजे वॉल्ट्झ. चिठ्ठ्या लावल्या, फोटो काढून सरांना पाठवला. काम एका रविवारात झालं असं मला वाटत होतं.

२८ जानेवारी

सरांनी माझा ६/८चा गठ्ठा उचलला, वरचा कागद काढला आणि चँटरवर वाजवायला लागले. पहिल्यांदा हॉलमध्ये चालत चालत वाजवला. पाऊल बरोबर ठोक्यावर पडत होतं. मग थांबले, तोच कागद पुन्हा, या वेळी उभ्या जागी आणि जलद. मागच्या बाकावरची दोन लहान मुलं आपोआप उड्या मारायला लागली.

"आता सांग, हा कुठल्या गठ्ठ्यात?"

मला सांगता आलं नाही. ती ‘अथॉल हायलँडर्स’ होती. मार्च म्हणूनही वाजते, जिग म्हणूनही.

ते म्हणाले, आकड्यावरून प्रकार ठरत नाही, त्या धुनेवर लोक काय करतात त्यावरून ठरतो. चालतात, नाचतात, झेंडा उतरवतात, का कुणाला मूठमाती देतात. सगळे गठ्ठे मोडले. चिठ्ठ्या काढल्या.

हे कुणी मला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर तीन आठवडे वाचले असते, म्हणून इथे ठळक लिहून ठेवतेय: आकडा बघून गठ्ठे करू नका.

११ फेब्रुवारी

६/८पासूनच परत सुरुवात केली, कारण चूक तिथेच उघडी पडली होती.

माझी अडचण तबल्यातून आलेली. सहा मात्रा दिसल्या की डोक्यात दादरा सुरू होतो. धा धी ना, धा ती ना. तीन-तीन सारख्या मात्रा. त्या हिशोबानं मी प्रत्येक ६/८ची धून सारख्या तीन-तीन तुकड्यांत वाजवत होते आणि सगळ्याच एकसारख्या ऐकू येत होत्या.

फरक त्या तीन मात्रांच्या आत आहे. ६/८च्या मार्चमध्ये बहुधा पहिला स्वर ताणलेला, दुसरा चिमटीत पकडल्यासारखा तोडलेला, तिसरा साधा. कागदावर पहिल्या स्वरापुढे ठिपका आणि दुसऱ्याला जादा शेपटी असते. ही लांब-तोकडी मोड पावलाला रेटा देते. जिगमध्ये ते तीन स्वर बरेचसे गोल, समान, आणि गती जास्त. कागदावरही जिगच्या ओळी जास्त सपाट दिसतात. पण नुसत्या दिसण्यावर भरवसा ठेवू नये, हातानं लिहिलेल्या कागदांवर ठिपके कधी गाळलेले असतात.

मी तपासायची पद्धत अशी ठरवली. धून फोनवर रेकॉर्ड करायची, कानात घालायची आणि केल्व्हिन नदीच्या काठच्या वाटेनं चालायचं. नेहमीच्या चालीत पाऊल ठोक्यावर राहिलं तर मार्च. पाय मागे पडला आणि टाच उचलावीशी वाटली तर जिग. थंडी मरणाची होती, बोटं गारठून चँटरवर बसत नव्हती, तरी दोन शनिवार-रविवारांत २१ कागद झाले.

मार्च १०, जिग ९. उरलेल्या दोन ना चालायच्या ना नाचायच्या. फार संथ. त्या बाजूला ठेवल्या.

३ मार्च

३/४चा गठ्ठा. ९ कागदांपैकी सहांवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘रिट्रीट’ लिहिलेलं होतं, आणि ते मी जानेवारीत सरळ दुर्लक्षिलं होतं. माझ्या मनात रिट्रीट म्हणजे सैन्याची माघार. मग ही धून इतकी शांत, झुलती कशी, हे कोडं सुटेना.

रविवारचा फोन लावला तेव्हा बाबांना विचारलं. बाबा मराठा रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले.

"बाबा, रिट्रीट म्हणजे माघारच ना?"

"अगं माघार कसली! दिवस मावळला, झेंडा उतरवायचा, पहारा लावायचा, आपापल्या जागी परतायचं. त्याची खूण ती. दिल्लीत २९ जानेवारीला विजय चौकात बघतेस की टीव्हीवर, ती तीच."

"मग पाइपवर पण वाजवायचे तुमच्याकडे?"

"वाजवायचे म्हणजे? बेळगावच्या सेंटरचा पाइप बँड तू माझ्या खांद्यावर बसून ऐकलायस. घरी येऊन नाकानं तसला आवाज काढायचीस."

फोन ठेवल्यावर ते सहाही कागद एका दमात वाचून काढले. संध्याकाळ डोळ्यांपुढे आली की गती आपोआप बसते. तीन मात्रांतली पहिली भारी आणि चाल बिनघाईची. वॉल्ट्झमध्ये माणूस जागच्या जागी गिरकी घेतो. रिट्रीटमध्ये रांग मैदानावरून सरळ चालत जाते. ‘ग्रीन हिल्स ऑफ टिरॉल’ या प्रकाराची सगळ्यांना माहीत असलेली धून, आणि तिचं मूळ रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ या ऑपेरात आहे. म्हणजे इटालियन संगीतकाराच्या ऑपेरातली चाल फौजेच्या वाटेनं स्कॉटलंडच्या पाइपवर आली आणि आता इथलीच झाली.

९/८चे दोन कागदही इथेच आले. त्यातली एक पहिल्या महायुद्धातल्या, १९१६च्या सोमच्या लढाईवर पाइप मेजर विल्यम लॉरीनं बांधलेली. नऊ मात्रा, म्हणून मी ती जिगमध्ये टाकली होती. ती धून नीट ऐकल्यावर त्या चिठ्ठीची मला लाज वाटली. ९/८चे उरलेले दोन मात्र खरोखर जिगच निघाले.

३/४ पूर्ण: रिट्रीट ६, वॉल्ट्झ १, आणि दोन संथ धुना त्या बाजूच्या ढिगात. ९/८ पूर्ण: रिट्रीट २, जिग २.

२३ मार्च

स्ट्रॅथस्पे. या एका प्रकारानं माझे पाच आठवडे खाल्ले.

नाव स्पे नदीच्या खोऱ्यावरून. ताल ४/४ लिहिलेला, ठिपके भरपूर, त्यामुळे कागदावर ४/४च्या मार्चची जुळी बहीण. माझ्या कानाला केहरवा. फेब्रुवारीच्या मध्यापासून मी रोज अर्धा तास एक चार ओळींची स्ट्रॅथस्पे घोटत होते, मेट्रोनोमवर ९२च्या गतीनं, अगदी काटेकोर. सरांना रेकॉर्डिंग पाठवलं. उत्तर आलं: "स्वर सगळे बरोबर. पण ही स्ट्रॅथस्पे नाही."

मग त्यांनी काय केलं तर मला चँटर घरी ठेवून केलीला जायला सांगितलं. केली म्हणजे इथला सामुदायिक नाच, गावच्या हॉलमध्ये होतो. तिकीट १४ पौंड. तिथे पाइप नव्हताच, अकॉर्डियन, फिडल आणि ड्रम होते. धुनांचे प्रकार मात्र तेच.

ज्यांना हे प्रकार कळून घ्यायचेत त्यांनी सगळ्यात आधी हे १४ पौंड खर्च करावेत. पहिला नाच ‘गे गॉर्डन्स’, तो मार्चवर. ‘मिलिटरी टू-स्टेप’ ६/८च्या मार्चवर. ‘स्ट्रिप द विलो’ जिगवर. मी केल्व्हिनच्या काठावर दोन आठवडे थंडीत ज्यासाठी चालले तो मार्च आणि जिगमधला फरक इथे वीस मिनिटांत पायांनी सांगितला. ‘डॅशिंग व्हाइट सार्जंट’ रीलवर. आणि मग ‘हायलँड शॉटिश’, तो स्ट्रॅथस्पेवर.

माझ्यासोबत एक सत्तरीच्या आजी होत्या. माझा हात घट्ट धरून त्या मोजत होत्या: पाऊल, जोड, पाऊल, उडी. चौथ्या मात्रेला अंग वर जातं आणि पुढच्या पहिल्या मात्रेला सगळं वजन खाली येतं. दोनदा मी उडी चुकवली आणि दोन्ही वेळा पुढची सम हातातून गेली. तिसऱ्यांदा बरोबर पडले आणि तेव्हा कळलं की ताल चार सारख्या मात्रांचा नाहीच. पहिली जड, दुसरी हलकी, तिसरी मध्यम, चौथी हलकी. पाइपवर आवाज कमी-जास्त करता येत नाही, त्यामुळे हे वजन स्वरांच्या लांबीतूनच दाखवावं लागतं. आणि जिथे आखूड स्वर आधी आणि लांब नंतर येतो, तो स्ट्रॅथस्पेचा खास झटका, तिथे तो आखूड स्वरच ठोक्यावर असतो. मी त्याला लांब स्वराची तयारी समजून ठोक्याआधी टाकत होते. केहरव्यातून आलेली सवय.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल-जोड-पाऊल-उडी करत धून गुणगुणली, मग चँटर घेतला. गती आपोआप ११०च्या वर गेली. सरांचं उत्तर एका शब्दाचं: "हां."

४/४चा गठ्ठा: मार्च १०, स्ट्रॅथस्पे ११, संथ धुना ४. उरलेले दोन हातानं लिहिलेले कागद खरे रील आहेत, लिहिणाऱ्यानं सी चिन्हावरची उभी रेघ मारलीच नव्हती.

१३ एप्रिल

आज प्रकारांबद्दल काही नाही, हाताबद्दल.

पाइपच्या चँटरमधून हवा अखंड जाते. जिभेनं तोडता येत नाही, थांबता येत नाही. सलग दोनदा तोच स्वर वाजवायचा तर मध्ये एक निमिषभराचा वरचा स्वर टाकून तोडावा लागतो. त्या ग्रेसनोट. म्हणजे आपण बोलताना व्यंजनं जे काम करतात ते इथे ग्रेसनोट करतात. यातलं बर्ल माझ्या हातून होत नाही. लो ए (खालून दुसरा स्वर) वाजत असताना करंगळीनं लो जीचं (सगळ्यात खालच्या स्वराचं) छिद्र दोनदा इतकं झटपट झाकायचं की कानाला फक्त एक थरथर लागावी.

मी चूक काय केली: जोर लावला. तीन आठवडे करंगळी आपटत होते. मनगट दुखायला लागलं, ऑफिसात माउस धरवेना, आठ दिवस चँटर बंद ठेवावा लागला. सरांनी हात बघितला आणि म्हणाले, करंगळी आपटायची नाही, ती छिद्रावरून ओढायची, इंग्रजी सातचा आकडा काढल्यासारखी: आडवी जाताना एक ठोका, खाली घसरताना दुसरा. बाकीची बोटं इतकी सैल की कुणी चँटर ओढला तर निसटावा. आता दहातले चार साफ येतात.

दुसरी रीडही गेली. चाळीस मिनिटांवर सलग वाजवलं की ओलीचिंब होऊन घुसमटते, आणि मी ती पुसायला काढताना तिची पाती चिरली. आणखी ७ पौंड. काढू नका, टोपण उघडून तशीच वाळू द्या.

२७ एप्रिल

रील. २/२चे अकराही कागद रीलच. गोल, वाहते, दोन उभ्या रेघांमधल्या मापात दोन मोठे ठोके. माझं एकच चुकलं, पहिल्या दिवसापासून जलद वाजवली. हळू वाजवून सुद्धा दोन ठोके जाणवले पाहिजेत, चार नाही.

२/४च्या २२मध्ये १५ मार्च. हे मार्च ६/८पेक्षा अवघड, सजावट दाट, आणि स्पर्धेत वाजतात ते चार-चार, सहा-सहा भागांचे. प्रत्येक भाग आठ मापांचा आणि दोनदा. उरलेले ७ हॉर्नपाइप, म्हणजे आणखी एक नाचाची धून, म्हणून लावले.

१८ मे

बाजूचा संथ ढीग: ६/८मधून दोन, ३/४मधून दोन, ४/४मधून चार. आठ.

या आठांनी मला थोडं पेटीकडे परत नेलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. चँटरवर स्वर फक्त नऊ. लो ए हा सा धरला तर खाली कोमल नी, मग सा रे ग म प ध, कोमल नी आणि वरचा सा. म्हणजे खमाज थाट आणि त्याखाली एक पायरी. पाइपचे ड्रोन अखंड त्याच सा वर असतात, बेस ड्रोन दोन सप्तकं खाली. तानपुराच. फोनवर तानपुरा लावून रियाज करायला मी बसले तर जुळेना. बराच वेळ मला वाटत होतं माझी फुंक कमी पडतेय. चँटरचा लो ए काळी पाचच्याही जरा वर आहे, स्वरलिपीत नाव ए असलं तरी. ॲपमध्ये बारीक स्वर चढवत गेले तेव्हा मिळाला.

आणि मग दिसलं की बऱ्याच धुनांत पाचच स्वर आहेत. सा रे ग प ध. भूप! पण तीन वेगळ्या जागांवरचा भूप. काही धुनांचा सा लो ए वर, ड्रोनच्या सा वर सा. काहींचा सा चौथ्या पायरीवर, डी वर, तेव्हा तोच ड्रोन त्यांचा पंचम होतो आणि धून एकदम मोकळी वाटते. काहींचा सा लो जी वर, तेव्हा ड्रोन रिषभावर घुमत राहतो आणि सगळी धून अधांतरी, बेचैन. नऊ छिद्रांतून इतकं निघतं याचं मला रोज नवल वाटतं. यानं प्रकार ठरत नाही, पण धून लवकर पाठ होते.

संथ धुना मी मेट्रोनोमवर बसवायला गेले. मेलेल्या वाटल्या. यातल्या कितीतरी मुळात गेलिक (स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतली) गाणी आहेत, श्वास शब्दांचा आहे. सरांनी ओळ गाऊन दाखवली, मी तिच्यावर वाजवली, मेट्रोनोम बंद.

आठवा कागद ‘फ्लॉवर्स ऑफ द फॉरेस्ट’. १५१३च्या फ्लॉडनच्या लढाईत पडलेल्यांचा शोक. मी चँटर तोंडाला लावला तेवढ्यात सरांनी कागदावर हात ठेवला. ही धून हॉलमध्ये चहापाण्याच्या गडबडीत वाजवायची नाही. शिकायची तर घरी, दार लावून. चारचौघांत ती फक्त अंत्यविधीला आणि स्मृतिदिनाला. त्यांनी तो कागद वेगळ्या पाकिटात घातला आणि पाकीट फायलीत सगळ्यात मागे ठेवलं. मी घरी शिकतेय.

२२ जून

तालाचा आकडा नसलेले दोन कागद. जानेवारीत मला वाटलं होतं छपाईत राहिला असेल.

हा पिब्रोख. गेलिकमध्ये क्योल मोर, म्हणजे मोठं संगीत. मार्च, स्ट्रॅथस्पे, रील, जिग हे सगळं मिळून क्योल बेग, छोटं संगीत. दोन्ही कागद म्हणजे फक्त ऊर्लर, मूळ चाल. ऊर्लर शब्दाचा अर्थच जमीन. तिच्यावर एकेक मजला चढत जातो: आधी साधे फेर, मग टॉरलुआ, मग क्रुनलुआ, आणि शेवटी वाजवणारा पुन्हा ऊर्लरवर उतरतो. शोक, सलामी, कुळाला गोळा करायची हाक असे त्याचे आपले वेगळे प्रकार आहेत.

मी स्वरलिपी वाचून वाजवायला लागले. लांबी कागदावर लिहिल्याप्रमाणे, चोख. सर शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, कागद उलटा ठेव. आणि गायला लागले. शब्द नव्हते, बोल होते. हिहारिन. हिन. ओ. आ.

माझ्या अंगावर काटा आला, कारण मला तालीम अशीच मिळालेली आहे. गुरुजी आधी बोल म्हणायचे, पाठ करून घ्यायचे, मग तबल्याला हात. याला इथे कॅन्टारॉख म्हणतात. स्काय बेटावर बोररेगला मॅक्क्रिमन घराणं पिढ्यान् पिढ्या मॅक्लाउड सरदारांचे पाइपर होतं. असल्या घराण्यांत विद्या तोंडातून कानात जायची. कॉलिन कॅम्पबेल नावाच्या माणसानं १७९७मध्ये धुनांच्या धुना नुसत्या बोलांत लिहून ठेवल्या, पाच रेघांची स्वरलिपी न वापरता. ते हस्तलिखित एडिनबरामध्ये राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

मी वही काढून सरांचे बोल देवनागरीत उतरवले. टॉरलुआचा बोल ‘हिन-दारिद’: मूळ स्वर, मग लो जी, त्यावर डीचा एक कट (ग्रेसनोट), पुन्हा लो जी, आणि ईचा कट देऊन लो एवर उतरायचं. क्रुनलुआ ‘हिन-बान्द्रे’: तीच सुरुवात, पण पुढे बोटं आणखी कट घेत ईवर जाऊन थांबतात. बोटांना जे दोन आठवडे कागदावरून कळत नव्हतं ते ‘बान्द्रे’ तोंडात बसल्यावर एका संध्याकाळी जवळजवळ आलं. साफ नाही, पण आकार आला. तबल्यातल्या कायद्याचे पलटे डोळ्यांपुढे आले. तिथेही विस्तार करताना मूळ बोल सोडायचे नसतात. इथे मूळ चालीचे स्वर सोडायचे नाहीत आणि प्रत्येक स्वरावर तीच हालचाल बांधायची.

मी केलेली चूक लिहून ठेवते. ऊर्लरमध्ये ताल नाही असं समजून मी नंतर हवे तसे स्वर ताणायला लागले. तेही चूक. वाक्याला जसा तोल असतो तसा तिथे आहे, फक्त तो मोजून सापडत नाही. सरांनी एकाच ओळीसाठी तीन आठवडे लावले. ऊर्लर मला पूर्ण येत नाही, दोन ओळी येतात.

६ जुलै

पुन्हा सगळे कागद जमिनीवर पसरले. प्रत्येकाला प्लॅस्टिकचं कव्हर (९ पौंड), प्रकारानुसार डबे-फायली (१८ पौंड). चिठ्ठ्यांवर आकडा लिहिलाच नाही, काय करायचं ते लिहिलं: चाला, उडी घ्या, संध्याकाळ, गा.

मार्च ३५, स्ट्रॅथस्पे ११, रील १३, जिग ११, हॉर्नपाइप ७, रिट्रीट ८, संथ धुना ८, वॉल्ट्झ १, पिब्रोख २. बेरीज ९६.

आतापर्यंत खर्च १२३ पौंड, त्यात चँटर आणि दोन रीड धरून. चहाचे वेगळे.

१७ ऑगस्ट

ग्लासगो ग्रीनवर जागतिक पाइप बँड स्पर्धा. दिवसभर तिथेच.

वही घेऊन गेले होते. ठरवलं होतं की प्रकार ऐकून लिहायचा, मग शेजारी बसलेल्या जाणत्यांना विचारून टिक करायची. मार्च-स्ट्रॅथस्पे-रील या संचावर परीक्षा घेण्यात अर्थ नाही, क्रम नावातच सांगितलेला असतो. पण ऐकण्यासाठी तो सर्वांत चांगला: ड्रमचे दोन रोल, पाइप एकदम उचलतात, बँड चालत येऊन वर्तुळ करतो, आणि मार्च संपून स्ट्रॅथस्पेत शिरताना वीसेक पाइप एकाच क्षणी वजन बदलतात. माझे गुडघे त्या ‘उडी’ला आपोआप हलले.

परीक्षा मेडलीवर घेतली. त्यात संथ धून, जिग, हॉर्नपाइप, रील काहीही कुठल्याही क्रमानं येतं. ३१ वेळा प्रकार बदलला, त्यात २६ बरोबर. एक जिग मी मार्च धरली, गती कमी होती. चार वेळा हॉर्नपाइप आणि रीलमध्ये चुकले. चारही वेळा उलटसुलट तीच चूक, म्हणजे माझा तो डबा पक्का नाही.

शेजारच्या आजोबांनी सांगितलं की बारीक स्वर २/४मध्ये लिहिलेत की २/२मध्ये, यावर जाऊ नकोस. तीच धून कुणी असं लिहितो, कुणी तसं. एप्रिलमध्ये मी २/४चे ते सात कागद नेमके आकड्यावरूनच हॉर्नपाइपमध्ये टाकले होते. न वाजवता, घाईत. जानेवारीतली चूक पुन्हा.

२४ ऑगस्ट

सातही कागद वाजवले, सरांसमोर, हळू. सहा हॉर्नपाइपच आहेत: प्रत्येक ठोका ठाम, पाय जमिनीत रोवणारा. सातवा, ज्याचं नाव फाटलंय तो, दुसऱ्याच मापाला वाहायला लागला आणि सरांनी मान हलवली. चिठ्ठ्या बदलल्या. हॉर्नपाइप ६, रील १४. फाटलेलं नाव सरांनी पेन्सिलनं वर लिहिलं: ‘द हाय रोड टू लिंटन’.